मौनाचा नवस आणि बेसबॉलवाल्याची प्रार्थना

अगं शीला, ह्यांचं हार्टचं ऑपरेशन झालं ना, तेव्हा मी प्रभूला नवस बोलले होते, की डॉक्टर बाहेर येईपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही.

चौथा तास सुरू झाला. जीव नुसता टांगणीला लागलेला. तेवढ्यात एक उंचापुरा माणूस शेजारी येऊन बसला. "मॅम, आत कोण आहे तुमचं? नाव सांगाल? मी प्रार्थना करतो."

आली का पंचाईत! मी नुसतंच ऑपरेशन थिएटरच्या दाराकडे बोट दाखवलं.

त्याने टोपी काढली, डोळे मिटले. "प्रभू, यांच्या माणसाचं नाव मला कळलं नाही, पण तुला माहीत आहे. त्याला सांभाळ."

आणि माझ्या तोंडून निसटलं, "आमेन!"

तो हसून निघून गेला. मला दरदरून घाम फुटला. नवस मोडला, आणि हे अजून आत!

लेक कॉफी घेऊन आली. "मॉम, तो कोण होता माहितीये? आपल्या शहराच्या बेसबॉल टीमचा पिचर, बॉल टाकणारा! आजारी मुलांना भेटायला येतो इथे."

"अगं, मी आमेन म्हणाले! आता ह्यांचं काय होणार?"

"आमेन डझन्ट काउंट, मॉम. पण आता हे जे बोलतेयस ना, ते काउंट होतं!"

मी रडायलाच लागले, आणि डॉक्टर हसत बाहेर आले. ऑपरेशन नीट झालं होतं.

एवढा मोठा खेळाडू, पण अनोळखी बाईजवळ प्रार्थना करायला लाजला नाही. उद्या सासूबाईंना डायलिसिसला नेशील, तेव्हा वेटिंग रूममध्ये फोन बघत बसू नकोस. कुणी घाबरलेलं दिसलं, तर तूही सरक जरा जवळ.