बाहेरचा आवाज बंद

— नाही नाही, तो प्लेअर नका घेऊ, तो शोभेचा आहे. दिसायला झकास, पण पळणाऱ्याच्या कामाचा नाही — आत घाम गेला की तीन आठवड्यांत मान टाकतो. मी विकतो म्हणून मलाच माहीत ना. आणि पडद्यावर बोट सरकवायचं म्हणे — ओल्या बोटाने सरकतं का ते? नाही सरकत. तुम्ही पळता पळता नुसतं घासत बसाल. पळणाऱ्याला बटणं पाहिजेत, न बघता दाबता येतील अशी. हा घ्या. काडेपेटीएवढा आहे, कॉलरला चिमटा लावायचा आणि विसरून जायचं. गाणी आतच भरायची, म्हणजे तो जड फोन मांडीवर आपटत पळायला नको. मागच्या महिन्यात एक गिऱ्हाईक आलं, म्हणे काका, फालतू माल विकता तुम्ही, एका बाजूने वाजतच नाही — आणि फेकला की माझ्या अंगावर! माझ्या दुकानात, माझ्या अंगावर! मी शांतपणे उचलला, इथे ठेवला, आणि हातोडी घेऊन त्याचा भुगा केला, त्याच्या डोळ्यांदेखत. म्हटलं घे, आता कुठल्याच बाजूने वाजणार नाही. असा पळाला! हसताय काय, माझीच काच फुटली त्यात — ही बघा, इथे पट्टी लावलीय.

डोकं जरा गरम आहे माझं. घराण्यातच आहे ते. आमचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे, याच जागेवर बसून. त्यांची एक पद्धत होती — हाक मारली की ओ आली पाहिजे. लगेच. नाही आली तर पुन्हा हाक नाही, जे हातात असेल ते यायचं. पक्कड, पेचकस, काय असेल ते. ही भुवईवरची खोक दिसतेय ना? पक्कड. सात वर्षांचा होतो मी. आणि तक्रार नाही हं माझी, वळण लागलं त्याने! आम्ही दोघं भाऊ झोपेतसुद्धा ओ द्यायचो. धाकटा तर एकदा तोंडात घास असताना ओ द्यायला गेला आणि ठसका लागून काळानिळा पडला — वडिलांनी पाठीत गुद्दे घालून घास काढला आणि मग वर एक कानाखाली दिली, उशीर केला म्हणून. अजून हसतो आम्ही त्यावर. म्हणजे, हसायचो.

बरं, बाहेरचा आवाज येऊ देतो तो हवाय, की बंद करतो तो? बंद करतो तो — वाटलंच. सगळे तोच मागतात. ही रबरी टोपी कानात बसली की जग बंद. कुत्रं नाही, भोंगा नाही, बायको नाही. पण माझं ऐकाल तर एक कान उघडा ठेवा. का म्हणजे? मागून काय येतंय ते कळायला नको? आणि गाडीच येते असं थोडंच आहे, माणूसही येतो. एका गिऱ्हाइकाचं झालंय तसं. भला माणूस, पंचेचाळिशीचा, मैदानावर रोज सकाळी पळायचा. एकाने त्याला हाक मारली. ह्याच्या दोन्ही कानांत टोप्या, ह्याला कसलं ऐकू येतंय. हाक मारणाऱ्याला वाटलं, हा माजलाय, मुद्दाम करतोय. घातली लोखंडी सळई कानशिलावर. जबडा दोन ठिकाणी मोडला आणि डावा कान गेला, कायमचा. कोण होता? होता एक डोक्यात राख घालून घेणारा. तुम्ही हा लावून बघा आधी. हं, एकाच कानात टोपी घातलीत — शहाणे आहात. बटणं दाबून बघा, मी तोवर ही खोकी लावतो वर.

हो, सळई म्हणजे — शटर ओढायला आकडा असतो ना, तो. मी तो स्कूटरला अडकवून ठेवतो, इथे ठेवला तर चोरतात लोक. म्हणून सकाळी होता हातात. ... आता बोललोच आहे तर बोलतो. मीच तो. आणि गिऱ्हाईक कसलं, माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा मी त्याला उशिरा कळवलं — रागाने नाही हो, धावपळीत राहून गेलं — तो आला तेव्हा सगळं उरकलं होतं. तेव्हापासून दोन वर्षं बोलणं नाही. शेवटी म्हटलं, मोठा मी आहे, मी वाकतो. गेलो मैदानावर भल्या सकाळी. आयुष्यात पहिल्यांदा वाकायला निघालो होतो मी, साहेब! कडेला उभा राहिलो. तो आला, मी हाक मारली. गेला पुढे. म्हटलं असेल तंद्रीत. पुढच्या फेरीला हात वर करून मारली — गेला, मान खाली घालून. बाकावरचे दोन म्हातारे बघत होते, एक हसला. तिसऱ्या फेरीला मी ओरडलो, सगळं मैदान वळून बघायला लागलं, आणि हा गेला! ओ नाही! आमच्या घरातला पोरगा, आणि ओ नाही! मग मी पळालो त्याच्या मागे. पन्नाशीचा माणूस, चपला घालून, हातात आकडा. गाठलाच. आणि एकच मारला असं सांगतो मी सगळ्यांना. तीन मारले. पहिल्यालाच तो पडला होता. पडल्यावर दोन मारले, एक जबड्यावर, एक हातावर, कारण त्याने हात आडवा घातला होता.

मग दिसली ती टोपी. कानातून निघून मातीत पडली होती, रक्तात, आणि त्यातून बारीक गाणं चालू होतं. आणि सांगू? तो प्लेअर मीच दिला होता. मीच! त्याच्या बायकोने इथून नेला होता, महिनाभर आधी — म्हणाली भाऊजी, डॉक्टरांनी ह्यांना पळायला सांगितलंय, मैदानाशेजारी रस्त्याचा गोंगाट फार, सगळं बंद करणारा द्या. बोलणं नसलं म्हणून काय झालं, भावासाठी जायचा होता — मी दहा उघडून बघितले, त्यातला सगळ्यात घट्ट बसणारा काढून दिला. स्वतःच्या कानात घालून खात्री केली, तिला तोंडावर ओरडायला सांगितलं, आणि काही म्हणजे काही ऐकू आलं नाही तेव्हा दिला. मला माहीत नव्हतं असं नाही. त्या दिवशी आठवलंच नाही. रोज पंचवीस लोकांना सांगतो मी, बाहेरचं काही ऐकू येणार नाही — आणि आठवलं नाही!

पोलिसांना तो म्हणाला, पाय घसरून पडलो. तार बांधलेल्या जबड्याने म्हणाला. ते मला जास्त लागलं. मला आत टाकलं असतं तर बरं झालं असतं. चार वर्षं झाली. आणि काल त्याच्या बायकोचा फोन आला. ते दोघं गाव सोडून चाललेत, मुलीकडे, कायमचे. म्हणाली, शनिवारी संध्याकाळपर्यंत आहोत, ते म्हणतायत दादाला यायचं तर येऊ दे. तो म्हणतोय! तोच म्हणतोय, ये म्हणून! रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. मला जायचंय हो. पाया पडेन त्याच्या, लहान असला तरी पडेन. पण भीती वाटते. त्याची नाही, माझ्या हाताची. मी दारातून हाक मारणार, आणि तो डावा कान दाराकडे करून बसलेला असला, नाही ऐकू आलं त्याला, नाही दिली ओ — तर? आता कळतं सगळं, पण त्या क्षणी कळेल का? चार वर्षांत मी कोणावर हात उचललेला नाही, हातोडी घातली ती प्लेअरवर, माणसावर नाही. बदललोय ना मी? तुम्ही तिऱ्हाईत आहात, तुम्हीच सांगा. जाऊ का मी?

नुसती मान काय हलवताय? जाऊ म्हणताय की नको? ... साहेब. अहो, साहेब, तुम्हाला विचारतोय. मी इथे काळीज काढून ठेवलंय आणि तुम्ही बटणं काय दाबताय? ए! ए, तुला विचारतोय मी! कोणाशी बोलतोय रे मी? भिंतीशी? इकडे बघ! बघ म्हटलं ना — ओ द्यायला काय जीव जातो तुझा —

... 

दुसरी टोपीही घातलीत होय. कधी घातलीत?

सोडतो. सोडली कॉलर, ही बघा, सोडली. बटण तुटलं वाटतं शर्टाचं. लागलं का गळ्याला? लाल झालंय. थांबा, पाणी — नाही? बरं. मी तुम्हाला मारणार नव्हतो. नाही, मूठ वळली होती, खरंय. मारणारच होतो.

काही नाही, काही महत्त्वाचं बोलत नव्हतो. काळा हवा की लाल, एवढंच विचारत होतो. न्या हा, असाच न्या, पैसे नकोत. अहो न्या म्हटलं ना. काही बिघडलं तर परत — नको, दुसऱ्या कोणाकडे दाखवा. शनिवारी? हो, शनिवारी उघडं आहे दुकान, रात्रीपर्यंत. मी कुठे जाणार नाहीये. निघा तुम्ही आता.