काकांनी मला न दिलेला पत्ता

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या लाँड्रीचे मालक, व्यासपीठावर बसलेले सेमिनरीचे प्राचार्य, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते लाँड्रीतल्या सगळ्यांचे काका, पहिल्या रांगेतल्या काकू, त्यांच्या शेजारी त्यांची कन्या, आणि धुलाईपासून इस्त्रीपर्यंतच्या माझ्या सर्व सहकाऱ्यांनो,

मालकांनी मला बजावलंय, पाच मिनिटं आणि सभ्य भाषेत. दोन्ही अटी एकदम म्हणजे जरा जास्तच झालं.

काका आता परगावी चर्चचे पाळक म्हणून रुजू होणार. गेली सहा वर्षं या माणसाने सोमवार ते शुक्रवार आपल्याकडे हॉस्पिटलच्या चादरी धुतल्या आणि दर शनिवारी सेमिनरीत जाऊन ईश्वरविज्ञानाचे धडे घेतले. यात संसार कधी केला? ते काकूंना विचारा. एकदा त्यांचा इथे फोन आला, "त्यांना म्हणावं, क्षमेवरचा निबंध संपला असेल तर नळाचा वॉशर आणा. त्या नळाला मी तीन आठवडे क्षमा करतेय."

दुसऱ्या वर्षी अभ्यासाला ग्रीक आलं. सराव व्हावा म्हणून काका कपड्यांना लावायच्या चिठ्ठ्यांवर आकड्यांऐवजी ग्रीक अक्षरं लिहू लागले. ते स्वतः होते तोवर सगळं सुरळीत. मग परीक्षेसाठी तीन दिवस रजेवर गेले आणि काउंटरवर उरलो मी. हॉटेलच्या आचाऱ्याला वकिलाचा कोट गेला, वकिलाला आचाऱ्याचा ॲप्रन. वकील मला काय बोलले आणि मी त्यांना काय बोललो, ते अध्यक्षांना पाठ आहे, इथे नको.

तसाच तणतणत काकांच्या घरी गेलो. दार कन्येने उघडलं. बापाकडून ती अक्षरं रोज घोकून घेणारी हीच. म्हणाली, "ओरडायचं असेल तर बाहेर, शिकायचं असेल तर आत." मी आत गेलो. चोवीस अक्षरं एका दुपारी पाठ झाली. पुढचे चार महिने मी ती विसरत होतो आणि पुन्हा शिकायला जात होतो. प्राचार्यसाहेब, इतका मठ्ठ विद्यार्थी तुमच्याकडेही आला नसेल.

काकांच्या लक्षात यायचं ते आलंच. गेल्या महिन्यात त्यांनी नवा पत्ता सगळ्यांना लिहून दिला, अगदी साबणाच्या सेल्समनलासुद्धा. मला नाही. विचारलं, तर शर्टाची कॉलर नीट करत म्हणाले, "तू कॉलेज का सोडलंस?"

"सर वाटेल ते बोलले."

"आणि तू?"

"मीही बोललो."

"मग ते अजून तिथेच आहेत आणि तू इथे. बाळा, मी दोनदा नापास झालो. माझ्या मुलीच्या वयाची पोरं हसली. पुढच्या शनिवारी परत जाऊन बसलोच ना? तुला पत्ता देऊन काय करू? तू अर्ध्या वाटेत उतरशील."

मी असा भडकलो, की हातातली इस्त्री एका डॉक्टरांच्या कोटावर तशीच राहिली. डॉक्टरांनी तो डाग भाजल्याची जखम तपासावी तसा तपासला.

पण राग उतरल्यावर माणसाने जायचं कुठे? मी कॉलेजात गेलो. तेच सर. म्हणाले, "पुन्हा भांडायला आलास?" म्हटलं, "नाही सर, वर्गात बसायला." सोमवारपासून सकाळी कॉलेज, दुपारपासून काउंटर. हे अजून कोणालाच ठाऊक नव्हतं. हो काकू, तिलाही नाही. बघा ना, माझ्याकडे बघायचं सोडून पंख्याकडे बघतेय.

काका, तुमचे उपदेश आम्ही मशीनच्या घरघरीत ऐकले, निम्मे कळलेच नाहीत. पण शनिवारी तुमची रिकामी जागा दिसली, की कामात चालढकल करायची लाज वाटायची. नव्या चर्चच्या मंडळीत तुम्हाला आमच्याहून बरे श्रोते मिळोत.

अध्यक्षांनी दिलेल्या पाच मिनिटांबद्दल आणि मी परस्पर घेतलेल्या तीन मिनिटांबद्दल सर्वांचा ऋणी आहे. ओघात कोणाला काही टोचलं असेल, तर जिभेचा उतावळेपणा समजून सोडून द्या. मनात तसं काही नाही.

आणि काका, ही वही आणि हे पेन तुमच्यासमोर ठेवतो. काकू, पत्ता तुम्ही सांगू नका, त्यांनाच लिहू द्या. वाटलं तर आज लिहा, नाहीतर माझा पहिल्या वर्षाचा निकाल बघून लिहा. मी बसतो.