गणपती गेले की वाचनालय…

"गणपती गेले की वाचनालय…" एवढंच म्हणाला तो बांधकामाचा मुकादम नितेश, आणि नेमका तेव्हाच काँक्रीटचा मिक्सर सुरू झाला. आता तुम्हीच सांगा, माणूस अर्धं बोलून गेला तर शेजारणीला जेवण जाईल का? मला काय करायचंय म्हणा... पण माझ्या ओट्यावरून वाचनालयाचं दार दिसतं, मी काय डोळे मिटून भांडी घासू?

तुम्हाला सांगते, आमच्या पेणच्या या वाचनालयावर मजले चढवायला घेतले, तेव्हा पुस्तकांची कपाटं भिंतीला सरकवली, आणि रिकामा कोपरा बघून मूर्तीवाला शिवा म्हणाला, "चार गणपती ठेवतो, इथे ओल लागत नाय." बाप्पाला नको कोण म्हणणार? चाराचे चाळीस झाले. रोज मूर्तींची एक रांग पुढे, एक कपाट बाहेर. सगळ्या पांढऱ्याफटक, डोळ्यांची आखणी व्हायचीय, वर प्लास्टिक, वारा आला की सळसळ... आणि मधोमध आमचे गुणाजीकाका पेपर वाचत. काकांचा जन्म गेला मिठागरात, आता सून सकाळी घराला कुलूप घालून कंपनीत जाते, "बाबा, संध्याकाळीच या." वाचनालय बंद झालं तर त्या माणसानं दिवसभर बसायचं कुठे, एसटी स्टँडवर?

मी विचारलं, "काका, डोळे नसलेल्या एवढ्या मूर्ती, भीती नाय वाटत?" तर म्हणतात, "ते बघत नाय तेच बरं गो. बघायला तू हायसच."

मला काय करायचंय, पण मी ग्रंथपाल अनिताला गाठलं. "वहिनी, मलापण कोण काय सांगत नाय," म्हणाली, आणि उरलेल्या पुस्तकांची पोती बांधायला लागली.

गणपती गेले. वाचनालय बंद नाय झालं हो... तिसऱ्या मजल्यावर गेलं. लिफ्टचा नुसता खड्डा, जिन्याला कठडा नाय, आणि काकांचे गुडघे मिठागरातच संपलेले. खालचा हॉल वाचनालयाच्या कमिटीनं शिवाला बारमाही दिला. काकांची खुर्ची तेवढी शिवानं अजून उठवली नाय. अनिता वरून गवंड्यांच्या दोरीला बादली बांधते, पेपर खाली सोडते, "वहिनी, धरा."

काल बघितलं, पुढच्या वर्षीच्या मूर्तींची रांग काकांच्या खुर्चीला येऊन टेकलीय... मला काय करायचंय? मी आपली बादली धरते.