हातवाली खुर्ची आणि तोतारामचं टॉपल

...आणि वर मलाच म्हणतात, आबा, तुम्ही जळता! मी? छ्या! मी जळत नाही हां, तुम्हाला नुसतं सांगतो. हा तोताराम दुसरीतून पळालेला माणूस. शाळेच्या मागच्या भिंतीवरून उडी कशी मारायची हे त्याला शिकवलं कोणी? मीच! मी निदान चौथीपर्यंत टिकलो आणि मग पळालो, म्हणजे शिक्षण कोणाचं जास्त? आणि इंग्रजी कोण फाडतंय? तोताराम!

झालं काय, त्याची नात पुनम त्याला मोबाईलमधून रोज एक इंग्रजी शब्द शिकवते. चार महिन्यांमागे शिकवला 'टॉपल'. म्हणजे पडणं, उलथणं, दुसऱ्याला पाडणं, सगळं एकातच! बस्स, त्या दिवसापासून आमच्या नरडाण्याजवळच्या गावात साधं काही पडेचना. वाऱ्याने ज्वारी टॉपल, स्टँडवरची सायकल टॉपल, अविश्वास ठराव आला तर सरपंच टॉपल! आमची पुष्पाबाई, पन्नास वर्षांचा संसार, तीसुद्धा चुलीजवळून ओरडते, "अहो, दूधनं पातेलं टॉपल हुई गयं!" आता माझ्या घरातलं दूध तोतारामच्या इंग्रजीत सांडायचं? पण मी जळत नाही हां...

खुर्चीचं मात्र बोलू द्या. झुलालच्या चहाच्या हॉटेलात हातवाली खुर्ची एकच. बाकी गाव बाकावर. तीस वर्षांत खुर्च्या तीन बदलल्या, बसणारा मीच! मी थापा मारायच्या आणि गावाने पोट धरून हसायचं. आणि आता? झुलाल फडक्याने खुर्ची पुसतो आणि म्हणतो, "बसा नाना! आज कोणता शब्द शे?" नाना म्हणजे तोताराम! आणि मला? "आबा, जरा सरका."

सरका!

मग माझं डोकं चाललं. परवा सकाळी कोणी यायच्या आत खुर्चीचा मागचा पाय नेऊन टेकवला थेट हॉटेलासमोरच्या गटारीच्या काठावर, निम्मा आत, निम्मा बाहेर. म्हटलं, ये बेट्या, बस, आणि मग कर वाक्यात उपयोग!

आला तोताराम. दहा-पंधरा माणसं जमलेली, मी तोंड दाबून बाकावर. तर हा खुर्चीजवळ थांबला, माझ्याकडे बघत, शाळेतल्यासारखं मला नावाने हाक मारून म्हणाला, "पुना, खुर्ची तुनी शे. चार महिने बसलो, पण तू गप्प बसलास तर गंमत नाही रे. बस, एखादी थाप मार." बठ्ठा म्हणजे अख्खा गाव ओरडायला लागला, "बसा आबा, बसा!" आता सांगा, काय करू? ज्या खुर्चीसाठी चार महिने चहा गोड लागला नाही, तिला नाही म्हणू? बसलो! अर्ध्या ढुंगणावर, श्वास धरून बसलो. झुलालने कप पुढे केला, मी हात लांबवला, आणि...

पाय वर, डोकं गटारीत! आणि तोंडातून, देवाशपथ सांगतो, 'आई गं' नाही, 'मेलो' नाही... निघालं काय? "टॉपल झालो रे!"

टाळ्या! शिट्ट्या! तीस वर्षांत एवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या. मी खुशीत मान वर करून बघतो तर टाळ्या कोणाला? तोतारामला! झुलाल त्याची पाठ थोपटतोय, "मानलं नाना, तुम्ही आबालेबी शिकाडी दिन्हं!"

खुर्चीचा एक हात मोडला. आता ती भिंतीला टेकून उभी, बसत कोणीच नाही. आम्ही दोघे बाकावर, शेजारी शेजारी. मी जळत नाही हां... रोज गेल्या गेल्या नुसतं विचारतो, "तोताराम, आज काय शिकवलं रे पोरीने?"