भाई काप म्हनले होते

ही गोष्ट मी लई वर्षं टाळली. कुनी इचारलं की दुसरंच काढायचो, न्हायतर उठून बाहेर जायचो. आतापन बघा, तुमी आल्यापासनं किती खेपा उठलो मी. घरातले म्हनतात म्हाताऱ्याला वात हाय, बसवत न्हाय एका जागी. वात न्हाय हो. थांबा, ती खिडकी लावतो, हितं सोलापूरजवळ कुंभारीत घर अगदी रस्त्याला हाय, गाडी गेली की माझा कान तिकडं जातो. आत्ता गेला त्या टेम्पोचा टॅपेट सैल हाय, ऐकलं का? असू द्या. आज सांगतो. मधीच उठलो तर मला हाताला धरून बसवा.

माझं नाव शिवाप्पा. गाव अक्कलकोटकडचं, घरात कानडी, दाराबाहेर मराठी. वडलांच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. ते बंद पडलं की वडील त्याच्याशी कानडीत भांडायचे, आन् मला वाटायचं इंजिनाला कानडी कळतं, म्हनून तर परत चालू होतं. त्या नादानं सोलापूरला आलो. सात रस्त्याच्या मागं एका गल्लीत गॅरेज होतं, तितं दस्तगीरभाई मोठे मिस्त्री. त्यांनीच मला शिकवलं. शिव्या देऊन शिकवलं, आन् शिवी दिली की लगेच अर्धा चहा पुढं सारायचे. ते त्यांच्या दखनीत बोलायचे, मी मराठीत, आमचं कधी अडलं न्हाय. पुढं मालक थकला, तवा गॅरेज आमी दोघांनीच चालवायला घेतलं.

आता तुमाला इंजिनाचं थोडं सांगायला पायजे, न्हायतर माझं पाप कळायचं न्हाय. इंजिनाचं हेड म्हनजे वरचं झाकन समजा. त्या हेडात व्हॉल्व्ह असतात, हवा आतबाहेर सोडनाऱ्या झडपा, त्या खाली येतात, आन् खालनं पिस्टन, म्हनजे दट्ट्या, वर येतो. दोघं रोज एकमेकाच्या अंगावर धावून येनार, पन शिवनार न्हाईत, असा त्यांचा संसार. पिस्टनच्या डोक्याला व्हॉल्व्हपुरते खळगे केलेले असतात. कंपनीचं हेड तडकलं तर कंपनीचंच लवकर मिळायचं न्हाय, मग लोक बाहेरचं हेड आनायचे, दुसऱ्या कारखान्यात वतलेलं. दिसायला तसंच. बोल्टसुद्धा बरोबर बसायचे. पन व्हॉल्व्ह केसभर इकडंतिकडं असला तर? भाई मला शिवण्णा म्हनायचे; ते म्हनायचे, अरे शिवण्णा, मांडवात जोडा चांगला दिसला म्हनून घर चालतं का?

म्हनून बाहेरचं हेड असलं की भाईंचा एक नेम होता. गव्हाची कनिक. जवारीचं पीठ चालत न्हाय, त्याला चिवटपना न्हाय, भेगा पडतात. पिस्टनला तेल लावायचं, त्यावर कनकीची पातळ पोळी थापायची, मधी जुनं दबलेलं गॅस्केट, म्हनजे सांध्याची पट्टी, घालून हेड आवळायचं, व्हॉल्व्ह दाबनारे टॅपेट लावायचे, आन् इंजिन हातानं सावकाश दोन फेरे फिरवायचं. कुटं अडलं तर जोर करायचा न्हाय. मग हेड उचलायचं. कनकीत व्हॉल्व्हचा ठसा उठलेला असतो. पन ठसा बघून काम संपत न्हाय, खरं काम तितनं पुढं हाय. ब्लेडनं तो ठसा मधोमध कापायचा, आन् तळाला कनिक किती जाड उरली, कडंला किती उरली, ते बघायचं; पातळ उरली तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडनार. वरनं ठसा कितीबी सुरेख दिसू द्या, कडंचं कापल्याशिवाय दिसत न्हाय. परत सांगतो, कापल्याशिवाय दिसत न्हाय.

कनिक माज्या घरनं यायची. माझी बायको गौरव्वा डब्यात वेगळा गोळा द्यायची आन् म्हनायची, नवऱ्याच्या आधी इंजिनाला जेवायला घालते बघा मी. भाई तिला म्हनायचे, वैनी, ये इंजिन मेरेसे अच्छा खाता.

पानी घ्या की तुमी. मी जरा उभा राहतो. उभ्यानंच सांगतो पुढचं.

मल्लू म्हनून एक जीपवाला होता, आमच्याच गावाकडचा, वडाप करायचा, मानसं कोंबून गावोगाव सोडायची. त्याच्या जीपचं हेड तडकलं, त्यानं बाहेरचं हेड आनलं, आन् दिवस नेमका नागपंचमीचा. बाया माहेराला निघालेल्या. मल्लू सकाळपासनं गॅरेजच्या दारात नाचतोय, मिस्त्री, तिकडं फाट्यावर बाया पिशव्या घेऊन उभ्या हायेत, आन् माझी गाडी हितं तोंड उघडून बसलीय, अजून किती पूजा करताय तिची?

आता पंचमीला आमच्याकडं काय असतं ते तुमाला ठावं हाय. कापायचं न्हाय, चिरायचं न्हाय, तवा ठेवायचा न्हाय, जमीन उकरायची न्हाय. बायका घरात विळी पालथी घालून ठेवतात. कनकीत पुरन भरून दिंडं करायची, ती उकडायची, तेच जेवन. गौरव्वानं दिंडाच्या कनकीतलाच गोळा दिला आन् माझा हात धरला. ब्याड री, म्हनाली, आज ह्याला पातं लावू नका. ब्याड म्हनजे नको. तवा ती पोटुशी होती. त्याच्या आधीचं मूल हाती लागलं न्हवतं. मी म्हनलं, न्हाय लावत.

कनिक लावली, हेड आवळलं, दोन फेरे फिरवलं. कुटं अडलं न्हाय. हेड उचललं. ठसे असे उठलेले, काय सांगू तुमाला, जसा देवाला गंधाचा टिळा. भाईंनी ब्लेड पुढं केलं, म्हनले, काटके देख. मी म्हनलं, भाई, आज पंचमी हाय. भाई हसले, म्हनले, पंचमी तेरी हय, मेरी क्या? ला, मैं काटतूं. मी म्हनलं, न्हाय भाई, कनिक माज्या घरची हाय. भाईंचं हसू थांबलं. त्यांना गौरव्वाचं ठावं होतं. ब्लेड खाली ठेवून म्हनले, तो फिर कल काटेंगे, आज खुल्लाच रहने दे.

हे ऐकून मल्लू उसळला. उद्या? उद्या सन संपल्यावर काय सापाला फिरवू जीपमधनं?

तितं माझी बुद्धी फिरली. मला भाईंचा शब्द मोडायचा न्हवता, बायकोचा मोडायचा न्हवता, आन् मल्लूचंबी ऐकून घ्यायचं न्हवतं. मी त्या ठशात अंगठा दाबून बघितला, कडंनं नख फिरवलं आन् म्हनलं, चांगलं हाय, भरपूर उरलंय. फडक्यानं सगळी कनिक पुसून काढली. भाईंनी एकाबी बोल्टाला हात लावला न्हाय. दाराशी बसून रॉकेलनं हात धूत बसले, धुतलेले हात परत परत धुवत होते. मी एकट्यानं हेड आवळून इंजिन जुळवलं. चालू केलं तर आवाज असा मऊ, मल्लूनं माझे पाय धरले.

मग पंचमी झाली, बाया सासरला परत निघाल्या, आन् भरल्या जीपनं, तापल्या इंजिनानं, एका चढाला दनका दिला. व्हॉल्व्ह तुटून आत पडला, पिस्टन फुटला, इंजिनाला भोक. गाडी तितंच उभी राहिली, कुनाला खरचटलंबी न्हाय, ही देवाची दया. बाया उन्हात डोक्यावर गाठोडी घेऊन चालत गेल्या. मल्लूनं दोर लावून जीप ओढत आनली. गल्लीतले सगळे मिस्त्री गोळा झाले. मी हेड उचललं आन् मला पहिल्यांदाच दिसलं, खळग्याच्या कडंला एक चकाकती रेघ, चंद्रकोरीएवढी. व्हॉल्व्ह तळाला लागतच न्हवता, कडंला घासत होता. कापलं असतं तर कनिक तितं कागदासारखी दिसली असती.

मल्लू ओरडला, कनिक लावली होती ना? मग बघितली कुनी?

आता मी काय म्हनायला पायजे होतं? मी बघितली, आन् सन होता म्हनून कापली न्हाय. एवढंच. पन समोर सगळी गल्ली उभी होती, आन् मला वाटलं, हे हसतील, जन्मभर हसतील, नागोबाला भ्यालेला मिस्त्री म्हनतील. मी म्हनलं, भाईंनी बघितली.

कुनी परत इचारलं न्हाय. मी शिवाप्पा, ते दस्तगीर, गावाकडची मानसं माज्या ओळखीची. लोकांना ते लगेच का पटलं ते तुमाला सांगायला नको, आन् मला ते तवाच ठावं होतं, हे त्याहून वाईट.

भाई नळावर उभे होते. तितनंच म्हनले, शिवण्णा, मैं देखा?

मी पान्याकडं बघत राहिलो.  मल्लूनं भाईंना काय काय शिव्या दिल्या, त्यांनी ऐकून घेतल्या. त्यानंतर गिऱ्हाईक दारात आलं की म्हनायचं, शिवाप्पा, तुमी बघा, भाईंना नको. त्यांचे हात रिकामे राहायला लागले. काही दिवसांनी ते करमाळ्याला मुलीकडं निघून गेले. त्यांचा एक लांब स्क्रूड्रायव्हर होता, टोक इंजिनाला आन् मूठ कानाला लावून आवाज ऐकायचे, तो माज्या टेबलावर ठेवून गेले. रागानं ठेवला का मायेनं, मला अजून कळलं न्हाय.

आमाला मुलगा झाला, धडधाकट झाला. गौरव्वाला मी हे कधी सांगितलं न्हाय, सांगितलं असतं तर पोरापायी हे झालं म्हनून तिनं बोल स्वतःला लावून घेतला असता. ती गेली आता. माझं नाव मोठं झालं. आन् भाईंचं नाव, ऐका, ह्याच्यासाठीच तुमाला बोलावलंय, भाईंच्या नावाची म्हन झाली. कुनी वरवर बघून काम सोडलं की आमच्या गल्लीत म्हनायला लागले, दस्तगीर केलास व्हय रे? आजबी म्हनतात. ज्यांनी भाईंना डोळ्यानं बघितलं न्हाय ते म्हनतात. ज्या मानसानं कापल्याबिगर एक हेड बसवलं न्हाय, त्याचं नाव न कापनाऱ्याला देतात. आन् मी तितं चहा पीत बसायचो, आन् एकदा तर त्यांच्याबरोबर हसलोसुद्धा.

मागं एकदा कमलाभवानीच्या दर्शनाला म्हनून करमाळ्याला गेलो, खरं तर त्यांच्याकडंच गेलो. दारात फवारनीचा पंप उघडून बसलेले, दाढी पांढरी झालेली. मला बघून उठायला गेले, गुडघा उठू देईना, तर बसल्या बसल्याच हात पसरले. चहा आला, मला अर्धा वतला, तसाच पुढं सारला. गौरव्वा गेल्याचं ऐकून म्हनले, वैनी का आटा लई अच्छा होता था. मग म्हनले, शिवण्णा, सोलापूर में कोई मेरा नाम लेते क्या रे अब्बी?

माज्या तोंडात सगळं तयार होतं. पन तोंडातनं काय निघालं? मी म्हनलं, लेते भाई. रोज लेते.

भाई एवढे खूश झाले की काय सांगू तुमाला. आत मुलीला हाक मारली, सुन बेटी सुन, आज भी रोज लेते बोलते. मुलीनं माज्याकडं बघितलं. तिला ती म्हन ठावी होती का न्हाय, मला न्हाय कळलं. मी उठलो, चप्पल घातली आन् निघालो.

आता भाई न्हाईत. आधी निरोप आला, मग मातीला जायला मला एसटी मिळाली न्हाय असं मी सगळ्यांना सांगितलं. एसटी होती. मीच बसलो न्हाय.

बसा, जाऊ नका, एवढं लिहून घ्या. गल्लीत वाचून दाखवा, करमाळ्याला भाईंच्या मुलीच्या दारातबी वाचून दाखवा. करमाळ्याला जाताना खिडकीशी बसून मी हेच पाठ करत गेलो होतो, लई न्हाय, एवढंच होतं: भाई, तुमी काप म्हनला होता. तुमी बघितलं न्हवतं, मी बघितलं होतं. तुमच्या नावाला मी बट्टा लावला. मला माफ करा.