पेटीच्या आतली बाजू

(जुन्या जादूगाराच्या घरातली मागची खोली. मधोमध माणसाच्या उंचीचं एक लाकडी कपाट. घरात सगळे त्याला पेटीच म्हणतात. आजोबा खुर्चीत, आजी पलंगावर. भिंगांच्या प्रयोगशाळेत काम करणारी नात जमिनीवर मांडी घालून बसली आहे.)

आजोबा : नाही म्हणजे नाही. पेटी ने, पुसून लख्ख कर, वर दिवे सोड. पण दार उघडून आतले आरसे दाखवायचे? माझ्या जिवात जीव आहे तोवर ते होणार नाही.

नात : अहो आजोबा, प्रदर्शनाचं नावच 'न दिसण्याचं विज्ञान' आहे. बंद पेटी ठेवली तर लोक म्हणतील, हे कपाट कुणाचं राहिलंय इथे?

आजोबा : म्हणू देत. पेटी सोपवताना गुरूंनी माझा हात हातात घेऊन वदवून घेतलं होतं. ज्या दिवशी आरसा दाखवशील, त्या दिवशी विद्या गेली म्हणून समज.

आजी : विद्या तुमच्या दातांबरोबरच गेली की हो.

आजोबा : तू मध्ये बोलू नकोस.

आजी : उभा जन्म नाहीच बोलले. म्हटलं, आता जरा बोलून बघावं.

नात : पण यात लपवण्यासारखं उरलंय काय? दोन आरसे मधल्या खांबाला येऊन मिळतात, समोरून पाचरीसारखे. बघणाऱ्याला वाटतं पेटीची मागची भिंत दिसतेय. खरं तर दिसत असते बाजूची. तिन्हीकडे एकच निळं कापड, त्यामुळे...

आजोबा : अगं हळू! खिडकी उघडी आहे!

आजी : बाहेर मांजर आहे. ते नाही जाऊन कुणाला सांगणार.

नात : आणि आरशांच्या मागे, त्या तिकोनी सांदीत आजी.

आजी : स्टुलावर. विणकाम घेऊन. तुझ्या बाबाचे लहानपणचे सगळे स्वेटर मी या पेटीत विणलेत. तेही काळोखात, नुसत्या बोटांनी टाके मोजत.

आजोबा : आणि त्याच्या वेळी सातवा महिना लागला तरी हट्टानं आत शिरली. डावा आरसा काही केल्या लागेना! मी बाहेर तेच तेच बोलतोय, बाजावाला तीच धून पुन्हा पुन्हा वाजवतोय, आणि आत ही पोट धरून हसतेय.

आजी : हसत नव्हते, श्वास रोखत होते. हसले नंतर. आणि शिंकेचं सांगा की हिला.

आजोबा : हां, शिंक! भर प्रयोगात. पेटी रिकामी, सगळा हॉल चिडीचूप, आणि आतून सणसणीत 'आक्छी!' तेवढ्यात जिभेवर सरस्वती बसली. म्हटलं, "बघा मंडळी, माणूस नाहीसा होतो, सर्दी मात्र नाही!" छप्पर उडेल असे हसले लोक.

आजी : आणि पुढे प्रत्येक प्रयोगात मला शिंक काढायला लावली. सर्दी नसताना. दर वेळी नाकात दोरा घालायचा.

नात : आजोबा, हेच मला लोकांना सांगायचंय. माझ्या टेबलावर जे आहे ते तुमच्या पेटीचंच पुढचं पाऊल आहे.

आजोबा : तुझ्यात आणि माझ्यात फरक काय?

नात : तुम्ही लोकांना दुसरंच कापड दाखवलंत. मला मागे जे खरोखर आहे तेच दाखवायचंय. दारात गर्दी असली आणि मध्ये खांब आला, तर लोक कसे दोन्ही अंगांनी वळसा घालतात आणि पुढे पुन्हा एक होतात? उजेडाला तसा वळसा घालायला शिकवायचं. खांब मग असून नसल्यासारखा.

आजोबा : आणि शिकलाय का तुझा उजेड?

नात : थोडासा. चार भिंगं ठरावीक अंतरावर, एका ओळीत. मागून येणारा उजेड मध्ये सुतासारखा बारीक होतो, पुढे पुन्हा फुलतो. त्या सुताच्या आजूबाजूला बोट धरलं की बोट गायब. मागची भिंत मात्र जशीच्या तशी.

आजोबा : आणि सुतावरच धरलं तर?

नात : तर दिसतं. डोळा फार बाजूला नेला तरी दिसतं.

आजोबा : म्हणजे मधल्या खुर्च्यांचीच तिकिटं विकायची! आम्हीही कडेच्या खुर्च्यांवर सामान ठेवायचो. एवढं शिकून तू माझ्याच जागी आलीस की गं ठमे.

आजी : पण याचा उपयोग काय, बाळ? की तूही लोकांना चकवणार?

नात : उपयोग आहे, आजी. गाडी चालवताना काचेशेजारच्या खांबाआड रस्ता ओलांडणारा माणूस लपतो. त्या खांबातून आरपार दिसलं तर? सर्जनची स्वतःचीच बोटं जखमेच्या आड येतात, ती दिसेनाशी झाली तर? अजून सगळं टेबलावरच आहे. पण तिकडे पोचायचंय.

आजी : हे छान आहे. आणि पुढेमागे अख्खा माणूस झाकता आला, तर आत बसलेल्याला बाहेरचं दिसेल का गं?

नात : पूर्ण झाकला तर नाही दिसणार. सगळा उजेड त्याला वळसा घालून गेला, तर त्याच्या डोळ्यात काय शिरणार? जो कुणालाच दिसत नाही, त्यालाही काही दिसत नाही.

आजी : हे तुझ्या पुस्तकात आहे?

नात : हो.

आजी : मला पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

आजोबा : झालं हिचं सुरू.

नात : आजी, पण शेवटी तू बाहेर यायचीस तेव्हा लोक काय म्हणायचे?

आजी : मी बाहेर येतच नव्हते.

नात : म्हणजे?

आजोबा : तीच तर माझ्या खेळाची ऐट होती! इतर जादूगार बाई नाहीशी करायचे आणि परत आणायचे. लोक टाळ्या वाजवून विसरून जायचे. मी परत आणलीच नाही. रिकामी पेटी दाखवली, वाकून नमस्कार केला, पडदा. लोक घरी जाऊनसुद्धा विचार करत राहायचे.

नात : आणि आजी?

आजी : आतच. सगळा हॉल रिकामा होईपर्यंत. खुर्च्या सरकल्या, दारं लागली, झाडूचा आवाज आला, की मग समजायचं आता निघायचं. रोज एखादं तरी मूल जाता जाता विचारायचं, "आई, ती बाई कुठे गेली?" मला वाटायचं, आतून ओरडून सांगावं, अरे बाळा, इथेच आहे रे.

आजोबा : असं कधी बोलली नाहीस.

आजी : तुम्ही विचारलंत कधी? पडदा पडला की तुम्ही आधी आरसे पुसायचात. मग मला हात द्यायचात.

आजोबा : अगं, बोटांचे ठसे राहिले तर दुसऱ्या दिवशी...

आजी : माहीत आहे हो. भांडत नाहीये. दिवस सोन्यासारखेच होते. ते निळं कापड, बाजावाल्याची ती धून, सगळं अजून स्वप्नात येतं. पण स्वप्नातसुद्धा मी सगळं ऐकतेच नुसती.

आजोबा : न दिसणं म्हणजे काय कमीपणा आहे? देव तरी कुठे कुणाला दिसतो?

आजी : त्याला लोक हाक तरी मारतात.

नात : आजोबा, मग उघडायचं ना दार?

आजोबा : कसं उघडू? एकीकडे गुरूंना दिलेला शब्द, दुसरीकडे ही.

आजी : मला दुसरं काही नको. एकदा दार उघडं असू दे, आरसे दिसू देत, आणि बाई कुठे गेली होती ते कुणाला तरी कळू दे. माझे गुडघे आता आत शिरू देत नाहीत, नाहीतर मीच बसून दाखवलं असतं.

नात : मी स्टुलावर बाहुली ठेवणार होते.

आजोबा : बाहुली? हिच्या जागी बाहुली? काय बोलतेस तू! त्या सांदीत श्वास न वाजवता बसायला जिवंत माणूस लागतं. शिंक आवरावी लागते, नको तेव्हा. हवी तेव्हा काढावी लागते.

आजी : मग तुम्ही बसा.

आजोबा : मी? मी जादूगार आहे!

आजी : म्हणूनच म्हणते. इतकी वर्षं पेटी तुमची, आणि आत कधी गेलात?

आजोबा : गुरूंकडून आली तेव्हा डोकं घालून बघितली होती.

नात : बघा हं आजोबा, शब्द मोडेल.

आजोबा : गुरूंची भेट आता फार लांब नाही. पाय धरीन, म्हणेन, विद्या दोघांची होती, शब्द मी एकट्यानं दिला होता. उठव मला. सावकाश... अगं, हे स्टूल केवढंसं आहे!

आजी : गुडघे वर घ्या. कोपर आत. अजून आत. तिथे खिळा आहे, मान जपा.

आजोबा : हा खिळा तेव्हापासून आहे?

आजी : पहिल्यापासून.

आजोबा : सांगायचं नाही का मला... बरं. ठमे, डावा आरसा आधी ओढ. मग उजवा.

नात : लागले... अगंबाई! आजी, मला सगळं माहीत असूनसुद्धा आजोबा गेले! नुसतं निळं कापड!

आजी : बाजूला सर. मी मध्ये उभी राहते. काठी धर माझी.

"आहे आहे म्हणता नाही, नाही म्हणता आहे,
डोळे चोळून बघा मंडळी, कोण कुठे राहे!"

नात : आजी! तुला आजोबांचं सगळं बोलणं पाठ आहे?

आजी : कानावरच तर जगले.

आजोबा : अगं, केवढा काळोख आहे हा! बाहेर काय चाललंय?

आजी : ही टाळ्या वाजवतेय.

आजोबा : मग आता उघडा की.

आजी : थांबा हो जरा. नमस्कार करतेय मी.