जवाईबापूची बाटली आन् काकाचा पंप

तुमी हसान, पण राजापेठेतल्या आमच्या काकानं खरंच वाइनची बाटली उघडाचं यंत्र बनवलं.

अकोल्याचे जवाई बाटली ठेवून गेले होते. म्हणे, "मामाजी, रविवारी येतो, मंग उघडू." बूच आत घट्ट बसलेलं. काकानं सायकलच्या पंपाले ढोराच्या इंजेक्शनची लांब सुई बसवली, बुचात खुपसली आन् हवा मारली. बूच फट्‌कन बाहेर!

काकू ओरडली, "अवो, जवाई याच्या आंधीच उघडली?"

"उगी राय, लावतो पुन्हा."

मंग शेजारी आले. "काका, आमाले बी दाखवा ना." लाव बूच, मार हवा. शनिवारपर्यंत अख्खी गल्ली पाहून गेली.

रविवारी काकानं सगळ्याइले बोलावलं. "थांबा, पंप आणतो," म्हणून तो आत गेला. इकडे जवायानं बाटली सहज उचलली, दोन बोटांनी बूच ओढलं, तं निघालंच!

काका पंप घेऊन दारात उभा. जवाई म्हणे, "मामाजी, पंप कायले? हे तं ढिलंच आहे."

काका काय चूप बसते? म्हणे, "पाहा जवाईबापू, यंत्र लावाची बी गरज नाही. नुसतं आणतो म्हटलं, तं उघडली!"